सुतकात कौल घेता येत नाही

अक्का, सुतकात देवाशी बोलायचं नसतं. पण गेलेल्या माणसाशी बोलू नये असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तुमच्याशीच बोलते. उद्या तुमचा दहावा. पाहुणे यायला लागलेत, मंडपवाल्यानं अंगणात बांबू आणून टाकलेत, आणि मी बचत गटाच्या जुन्या रजिस्टरमधली कोरी पानं फाडून ओसरीच्या कोपऱ्यात बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद, वीजबिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत, मीच वाचून दाखवायची आणि ऐकून झालं की तुम्ही म्हणायचात, 'एवढंच लिव्हलंय का त्यात?' हाही कागद मीच वाचणार आहे. यात बरंच लिहायचं आहे, तेव्हा दम धरा.

मी तुमची धाकटी जाऊ, तीस वर्षं एका चुलीवरची. माझा स्वभाव संशयी आहे ही बातमी गावभर केली ती तुम्हीच. 'आमच्या सुमनच्या दारात देव आला तरी ती आधी त्येचं आधार कार्ड मागंल,' असं तुम्ही कुरुंद्याच्या बाजारात भाजीवालीला सांगत होतात आणि मी मागेच उभी होते. तसं ते खोटं नव्हतं. लग्न होऊन आले त्या पहिल्या पंचमीला तुम्ही तुमची कोरी चोळी मला दिलीत, तर मी ती उलटी करून शिवण तपासली. तुम्ही ते पाहिलंत. चोळीत काहीच खोट नव्हती. तरीही ती अंगात घालायला मला दोन महिने लागले, कारण कुणी उगाच काही देतं यावर माझा विश्वास नव्हता.

तुमचा सगळा विश्वास मेसाईवर. आपल्या शेताच्या बांधावर लिंबाखाली तिचं ठाणं. आठ-दहा विटा, वर पत्रा, आत शेंदूर फासलेला दगड आणि पुढ्यात जोंधळ्याची वाटी. घरात कुठलीही तोंडाला पाणी सुटेल अशी गोष्ट आली की तुम्ही म्हणायचात, 'आईला इचारते.' नुकसानीचं काही तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत, फायद्याचंच विचारायचात. मी एकदा कारण विचारलं तर म्हणालात, 'तोट्याला माणूस सवताच भेतंय. फायद्याचं भेव घालायला देव लागतो.' हे तुमचं बोलणं मला त्या दिवशीही पटलं होतं, पण मी तसं दाखवलं नाही.

तुमची रीत ठरलेली. डोळे मिटून प्रश्न मोठ्यानं सांगायचा, मनातल्या मनात नाही. मग वाटीतून तीन बोटांची चिमूट भरायची. त्यातला एक दाणा आईचा म्हणून आधी तोंडात टाकायचा आणि उरलेले पळसाच्या पानावर दोन-दोन करून मांडायचे. सगळ्यांची जोडी लागली तर 'जा'. शेवटी एक दाणा एकटा राहिला तर 'थांब'. एका प्रश्नाला एकच चिमूट. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे आईला खोटं पाडणं. हा कायदा तुम्हाला आपल्या सासूबाईंनी सांगितला होता आणि तुम्ही मला सांगितलात.

मोबाइलच्या टॉवरवाले आपल्या शेतात जागा मागायला आले तेव्हा कौल आला 'थांब'. टॉवर शेजारच्या रानात उभा राहिला आणि आपल्या घरात मात्र आजही रेंज येत नाही, बोलायचं असेल तर उकिरड्यापाशी जाऊन उभं राहावं लागतं. मिक्सर घ्यायच्या वेळी मी म्हटलं होतं, अक्का, मेसाईला मिक्सर काय कळतो? तुम्ही म्हणालात, 'तिला मिक्सर न्हाई कळत, पर तू कळतीस.' जोडी आली, मिक्सर आला. तो अजून चालतो.

पण मला तुमच्या चिमटीचा भरवसा कधीच नव्हता. ज्या हातानं तीस वर्षांत कालवणात मीठ कधी कमी-जास्त टाकलं नाही, त्या हाताला चिमटीत किती दाणे आले ते कळत नसेल? मी हे तुमच्या दिरांना, म्हणजे आमच्या ह्यांना, बोलूनही दाखवलं होतं. ते म्हणाले, 'देवाच्या कामात खुसपट काढू नको.' माणसं असं म्हणतात तिथं खुसपट हमखास सापडतं, हा माझा अनुभव.

आता एक गोष्ट कबूल करते, जी तुमच्या हयातीत केली नाही. मी नववी शिकून या घरात आले. तिसऱ्या वर्षी शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून दहावीची परीक्षा देता येते. सासूबाई नको म्हणाल्या, हे गप्प. तुम्ही म्हणालात, 'आईला इचारते.' तुम्ही गेलात, जोडी लावून आलात आणि सासूबाईंना पान दाखवलंत. त्या वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत माझ्या वाटणीचं काम तुम्ही केलंत, हाताला फोड आले तरी केलंत. मी पास झाले. आज गावातली माणसं कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात, गटाची सचिव म्हणून माझी सही चालते, ते त्या जोडीमुळे. तो कौल खरा होता की तुम्ही लावलेला होता, याची चौकशी मी कधी केली नाही. माझ्या फायद्याचा होता ना. संशयसुद्धा मी सोयीनं घेते, हे तुम्ही गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

एक कौल तुमच्यावरच उलटला होता, तोही आठवतो. भाऊजी, तुमचे मालक, गेले तेव्हा तुमची रेखा चार वर्षांची. सिद्धेश्वरच्या धरणाकडचा तुमचा भाऊ तुम्हाला न्यायला आला. दोन खोल्या बांधून देतो, शिलाई मशीन घेऊन देतो, लेकरू माझ्याजवळ वाढेल, असं म्हणाला. तुम्ही ट्रंक भरली होती. तुमचा चेहरा इतका मोकळा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि मला भीती वाटत होती की तुम्ही गेलात तर या घरात मी एकटी पडेन. मग तुम्ही शेतात जाऊन आलात आणि ट्रंकेतली लुगडी परत कपाटात ठेवली. एक दाणा एकटा राहिला होता. तुमचा भाऊ रागानं निघून गेला. 'आयुष्याची माती एका दाण्यानं,' असं तो दारात बोलला. त्यालाही तुम्ही चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाहीत.

मग दहा वर्षांपूर्वीचा तो पेढ्यांचा डबा. सरपंचाची जागा बायांसाठी राखीव निघाली आणि गंगाधरराव आपल्या ओसरीवर येऊन बसले. गाव त्यांच्याच शब्दावर चालायचं, म्हणून ते कुणाच्या ओसरीवर यायचे नाहीत, माणसंच त्यांच्याकडे जायची. 'सुमनबाई शिकलेल्या हायेत, नाव चांगलं हाय, बिनविरोध करून टाकू,' म्हणाले. तुमच्या दिरांनी पेढा तोंडात टाकला आणि मला म्हणाले, 'लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये.' मला सगळं दिसत होतं, अक्का. गंगाधररावांना वाचता येणारी पण विचारणार नाही अशी बाई पाहिजे होती. पण मला हेही दिसत होतं की एकदा खुर्चीवर बसले तर मी विचारीन. आणि खरं सांगते, पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याची दोरी माझ्या हातात असेल, हे मला सगळ्यात आधी दिसलं होतं.

संध्याकाळी तुम्ही मला घेऊन मेसाईकडे गेलात. प्रश्न मोठ्यानं सांगितलात, चिमूट भरलीत, आईचा दाणा तोंडात टाकलात आणि उरलेले पानावर मांडायला लागलात. चार जोड्या लागल्या. पाचवी लावायच्या आधी तुम्ही आणखी एक दाणा उचलला आणि तोंडात टाकलात. पानावर एक एकटा राहिला.

'थांब म्हनली आई,' तुम्ही म्हणालात.

'अक्का, तुमी दाणा खाल्ला.'

'त्यो आईचा असतोय. दर बारीला खाते की.'

'आईचा आधीच खाल्ला व्हता. ह्यो दुसरा, मांडून झाल्यावरचा.'

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. पान झटकलंत. 'तुला कौल पायजे का हिशोब?'

'मला खरं पायजे.'

'मंग घरी चल,' तुम्ही म्हणालात आणि पुढे चालायला लागलात.

त्यानंतर दिवाळीपर्यंत आपण दोघी बोललो नाही. एका चुलीवर स्वयंपाक करायचा आणि बोलायचं नाही, हे किती अवघड असतं ते आपल्या दोघींनाच माहीत. 'मीठ दे' म्हणायचं तर तुम्ही भिंतीला म्हणायचात. मी मनाशी पक्कं धरलं की तुम्हाला माझं चांगलं झालेलं पाहवलं नाही. तुम्ही थोरल्या, विधवा, अंगठा लावणाऱ्या, आणि धाकटी जाऊ सरपंच. मी हे कुणाला बोलले नाही पण दहा वर्षं मनात ठेवलं. तुम्हाला ते कळत होतं. तुम्ही ते खोडून काढायचा एकदाही प्रयत्न केला नाहीत, त्यामुळे माझा संशय आणखी बळावला.

माझ्याऐवजी कांताबाई सरपंच झाली. अडीच-तीन वर्षांत कुठल्याशा नालीची चौकशी लागली. नाली कागदावर होती, गावात नव्हती, आणि कागदावर कांताबाईची सही होती. बिचारी चहाचा डबा बांधून हिंगोलीला जाऊन साहेबाच्या दाराबाहेर दिवसभर बसायची. गाव म्हणालं, मेसाईनं सुमनला वाचवलं. तुम्हीही तेच ऐकून घेतलंत. मी मात्र तुम्हाला म्हटलं, 'मी असते तर कागद वाचल्याबिगर सही केली नसती, नाली झाली असती.' तुम्ही म्हणालात, 'झाली असती नाहीतर तुला नालीत घातली असती.' हा वाद आपण मिरच्या खुडताना, गोधडी शिवताना, दवाखान्याच्या रांगेत, जागा मिळेल तिथं घातला. शेवटचा नांदेडला घातला, तुमच्या हाताला सलाईन होतं तेव्हा. तुम्ही हसलात आणि म्हणालात, 'घरी गेल्यावर बोलू.'

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी, राख सावडून माणसं घरी येऊन टेकली होती, तेव्हा गंगाधररावांचा विजय आला. बाप थकलाय, आता सगळं पोरगंच बघतंय. खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर दुःख. 'मोठ्या काकू लई भल्या व्हत्या,' म्हणाला. मी घड्याळाकडे पाहिलं. सहाव्या मिनिटाला तो मुद्द्यावर आला.

'काकू, अशा येळी बोलू नाही, पर फॉर्मची मुदत कुनासाठी थांबत न्हाई. पुना बायाची जागा सुटली. या बारीला तुमीच. इरोधात कुनी न्हाई, समदं ठरलंय.'

'कुनी ठरवलं?'

'गावानं.'

'गावात मी बी ऱ्हाते. मला कुनी इचारलं न्हाई.'

तो हसला. 'म्हनून तर आलो ना. तुमच्या घरात देवीला इचारायची रीत हाय, आमाला माहीत हाय. पर आता सुतक. मुदत सुतकातच सपून राहिली. तवा घरातल्या घरात इचार करा आन उद्यापरवा सांगा.'

अक्का, हे ऐकून मी बोटांवर दिवस मोजले. मुदत सुतकात संपते हे त्यानं मोजून ठेवलं होतं. ज्या घराला देवाला विचारता येत नाही ते घर नवऱ्याला विचारणार, आणि नवऱ्यानं वारंगा फाट्यावर त्याच्यासोबत आधीच चहा घेतलेला. हे मला तुमच्या दिरांनी सांगितलं नाही. त्यांच्या खिशात फाट्यावरच्या हॉटेलातली बडीशेपेची पुडी सापडली आणि विचारल्यावर ते तीन वेळा खोकले. नंतर म्हणाले, 'मी तुझ्या चांगल्यासाठीच बोलून राहिलो.' असतीलही. मी त्यांच्याशी भांडले नाही कारण ज्या घरात मयत झाली ते घर भांडलं तर लोक दारातून ऐकतात.

पाचव्या दिवशी रेखा आणि मी तुमचे कपडे वेगळे करत होतो. लुगडी कुणाकुणाला द्यायची ते ठरत होतं. मी सहज म्हटलं, 'तुज्या आईनं मागच्या बारीला मला थांबवलं. या बारीला थांबवायला ती बी न्हाई आन मेसाईपाशी जाता बी येत न्हाई.' रेखाच्या हातातली घडी तशीच राहिली.

'काकू, एक सांगू का? आईनं तवा दोनदा इचारलं व्हतं.'

'दोनदा?'

'मी पंचमीला आले व्हते ना, लग्नानंतरच्या पहिल्या. आई सकाळीच मला घेऊन शेतात गेली. तुमच्या सरपंचाचंच इचारलं. जोडी आली व्हती, काकू. मी सवता पाह्यली. मंग संध्याकाळी तुमाला घेऊन पुना गेली.'

'काहून?'

'मी इचारलं. म्हनली, तू गप ऱ्हा. आन मंग लई रडली. रातभर रडली. त्या दिसापासून आईनं दाण्याला हात लावला न्हाई.'

ते मात्र मला माहीत होतं. त्या संध्याकाळनंतर तुम्ही मेसाईला दिवा लावायचात, शेंदूर लावायचात, पण विचारणं बंद केलं होतंत. मला वाटत होतं माझ्या बोलण्याचा राग आला. दहा वर्षं मी वाट पाहत होते की कधीतरी सापडेल, कधीतरी सिद्ध होईल की तुम्ही दाणा खाल्लात. आणि सिद्ध झालं तेव्हा माझ्या मांडीवर तुमची निळी लुगडी होती आणि मला रडू आवरेना. माझा संशय खरा निघाला याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी शेतात गेले. सुतकात ठाण्याला हात लावायचा नाही, दिवा लावायचा नाही, दाणे तर नाहीच. म्हणून दहा-बारा पावलं अलीकडे बांधावरच उभी राहिले. हळदीची पानं ओली होती, पायात चप्पल होती. मला वाटलं, बाकी काही नाही तरी तुमच्या रितीतली पहिली पायरी करायला काय हरकत आहे. प्रश्न मोठ्यानं सांगायचा. त्याला कुणी सुतक लावलेलं नाही.

मी म्हटलं, 'आई, मला सरपंच व्हायचंय.' हे नीट बोलले. आवाज बराबर होता. 'मला वाचता येतंय, मी सही करायच्या आधी कागद वाचीन.' हेही बोलले. मग म्हटलं, 'विजय मला बिनविरोध करून देतो म्हनला.' आणि अक्का, या वाक्याला माझा आवाज खाली गेला. आजूबाजूला कुणी नव्हतं. तरी मी इकडे-तिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मी तेच वाक्य परत म्हणून पाहिलं. परत आवाज खाली. तिसऱ्यांदा म्हणता येईना.

तुम्ही सगळे प्रश्न मोठ्यानं का सांगायचात ते मला तेव्हा उमगलं. दाणे नंतर येतात, माणसाला आधी आपलंच बोलणं ऐकावं लागतं. ज्या वाक्याला आवाज खाली गेला ते वाक्य सोडायचं आणि उरलेलं धरायचं, एवढं मला तिथं कळलं. हे मेसाईनं सांगितलं की माझं मीच ठरवलं, यावरही मला शंका आहे. पण एवढी शंका बरोबर घेऊन घरी आले.

विजयला निरोप दिला की मला बिनविरोध नको. तो म्हणाला, 'मंग तुमाला काय पायजे?' मी म्हटलं, 'मतं.' त्यानं त्याच दुपारी त्याच्या बायकोचा फॉर्म भरून टाकला. आठव्या दिवशी मी रेखाला घेऊन वसमतला गेले. रस्त्यात दोन बायांनी टोकलं, 'सुतकात कुठं निघाल्या?' रेखा म्हणाली, 'सरकारला सुतक नसतंय, मावशी.' तहसीलमध्ये खिडकीवरच्या माणसानं दाखले पाहिले, फोटो पाहिला आणि विचारलं, 'सोबत कोण आहे?' मी रेखाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, 'तसं नाही, कुणाच्या बाजूनं?' मी म्हटलं, 'माझ्या.' त्यानं कागदावर शिक्का मारला. मी पोच वाचून पाहिली, दोन्ही बाजूंनी, मगच घडी घातली.

तुमचे दीर कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. पाणी मागायचं तर तेही भिंतीला मागतात, हे तुमच्याकडून शिकलेले दिसतात. गावातली निम्मी माणसं उद्याच्या दहाव्याला येणार नाहीत अशी चिन्हं आहेत, कारण विजयनं तसं सुचवलंय म्हणे. मी पडेन, बहुतेक पडेनच. पडल्यावरही याच गावात राहायचं आहे, याच नळावर पाणी भरायचं आहे. भीती वाटते, अक्का. तुम्ही असतात तर दारात उभं राहून दोन-चार जणांना झापलं असतंत आणि मग मला आत येऊन म्हणाला असतात, 'आता तू बी गप बस.'

एक प्रश्न मात्र राहिला. त्या सकाळी जोडी आली होती. ज्या आईपुढे तुम्ही तुमचा भाऊ, दोन खोल्या आणि शिलाई मशीन सोडलंत, तिला माझ्यासाठी खोटं पाडलंत. ते का? धाकटी पुढे जाईल म्हणून पोटात दुखलं होतं का? की गंगाधररावांचा डाव तुम्हाला माझ्या आधी दिसला होता? की मी खुर्चीवर बसले तर तुमच्यापासून तुटेन, जशी मला तुम्ही ट्रंक भरलीत तेव्हा भीती वाटली होती, तशीच तुम्हाला वाटली? रेखाला माहीत नाही. मेसाईला विचारून उपयोग नाही, ती दोन्ही वेळा तुमच्याच चिमटीतून बोलली. आणि तुम्ही घरी गेल्यावर बोलू म्हणालात, ते घर तुम्हाला परत दिसलंच नाही.

आज दिवसभर मी हे तिन्ही अंदाज उलटेसुलटे करून पाहिले. प्रत्येकाला थोडा आधार आहे आणि प्रत्येकात कुठंतरी भोक आहे. मग तुमची फोड आलेली बोटं आठवली, आणि ती कोरी चोळी जिची शिवण मी तपासली होती. आता अंधार पडायच्या आत हे लिहून संपवते. अक्का, तुम्ही मला थांबवलंत ते मायेपोटी. याला माझ्याकडे पुरावा नाही, आणि मी तो मागत नाही.